‘स्किन’ म्हणजे कोणाची कातडी?

बाळापूरच्या बाजारातील एका लहानशा दुकानात घडलेला प्रसंग आधी सांगते. परिचारिकेच्या शिक्षणासाठी अकोल्याला निघालेल्या माझ्या भाचीला पांढऱ्या गणवेशाखाली घालायचे आतले कपडे हवे होते. पांढऱ्या कापडाखाली पांढरी ब्रेसियर उठून दिसते, अंगाच्या रंगाची दिसत नाही, हे बायकांना अनुभवाने ठाऊक असते. म्हणून तिने ‘स्किन कलर’ मागितला. दुकानदाराने डबा काढला. डब्यावर ‘स्किन’ असा शिक्का होता. आतला कपडा फिकट, गुलाबीकडे झुकणारा होता. पोरीने तो आपल्या मनगटावर धरला आणि विचारले, “भाऊ, हे कोनाची स्किन होय?” दुकानदार भला माणूस. तो हसून म्हणाला, “स्किन म्हंजे हेच येते ताई. नाई तं काळा घ्या नं, काळा बी हाय.”

दुकानदाराच्या मनात अपमान करण्याचा हेतू नव्हता, हे मी मान्य करते. परंतु त्याच्या उत्तरात एक संपूर्ण मूल्यव्यवस्था बोलत होती. फळीवर लाल, काळा, पांढरा, निळा असे डबे होते. ही सगळी रंगांची नावे. एकाच डब्यावर रंगाचे नाव नव्हते, त्यावर ‘कातडी’ असे लिहिलेले होते. म्हणजे एका विशिष्ट फिकट वर्णाला रंग म्हणून ओळख सांगण्याची गरजच उरली नाही. तो माणसाचा स्वाभाविक वर्ण ठरला. त्या कातडीत जो बसत नाही त्याने काळ्याकडे जावे. उन्हातान्हात निंदणाला आणि कापूस वेचायला जाणारी वऱ्हाडातली बाई या दोन डब्यांच्या मध्ये कुठेच नाही.

साहित्याची आणि समाजचिंतनाची चर्चा जिथे होते तिथे हा विषय कशाला, असे काही सुसंस्कृत वाचक म्हणतील. त्यांना एवढेच सांगायचे की कोणी काय नेसावे, किती झाकावे आणि काठ दिसू द्यावा की नाही, हे या देशात जातीने ठरवलेले आहे. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले. १८५९ साली संस्थानने तो हक्क दिला. तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही, या अटीवर. आपल्याकडे बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये लिहून ठेवले आहे की महार स्त्रीला लुगड्याचा काठ निऱ्यांत लपवावा लागे. काठ मिरवणे हा वरच्यांचा अधिकार. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले तेव्हा लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर वागवलेले दागिने टाकून द्यायला सांगितले. त्या बायांनी लगेच नेसणे बदलले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. या स्त्रियांच्या नाती-पणती आज दुकानात स्वतःच्या पैशाने कपडा विकत घेतात. त्या कपड्यावर काय लिहिले आहे, हे वाचण्याचा त्यांना हक्क आहे. आणि वाचणे हेच समीक्षेचे काम आहे.

मग डब्यावरचा शब्द वाचताना आपली मराठीही वाचू. ‘गोरीपान’, ‘केतकी वर्ण’, ‘लिंबकांती’ हे मराठी कथा-कादंबऱ्यांनी झिजवून गुळगुळीत केलेले शब्द. नायिका गोरी असते तेव्हा लेखक तिच्या रंगाचे कौतुक करून पुढे जातो. ती सावळी असली की लगेच ‘पण’ येतो : सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे. हा ‘पण’ नीट तपासला पाहिजे. त्यात रंग हा दोष मानलेला असतो आणि नाकडोळे ही त्याची भरपाई असते. विवाहविषयक जाहिरातींत ‘गव्हाळ’ हा शब्द याच अडचणीतून येतो. काळी म्हणवत नाही आणि गोरी म्हणता येत नाही. देवाच्या बाबतीत मात्र हीच भाषा उदार होते. पंढरीचा सावळा, तो सुंदर. त्याच्या दारात फुगडी घालणारी सावळी मात्र हुंड्याचा प्रश्न.

वऱ्हाडी माणसाने तर याची विशेष लाज बाळगावी. आपल्या खेड्याच्या वसाहतीला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात. बाळापूरच्या मन आणि म्हैस नद्यांच्या काठची जमीन काळी आहे म्हणून तिथे कापूस होतो. जमीन जितकी काळी तितका तिचा भाव चढा. काळीला आपण आई म्हणतो. त्या काळीतला कापूस वेचणाऱ्या बाईच्या काळ्या कातडीला मात्र बाजारात नाव नाही. त्याच कापसाचा कपडा होऊन परत येतो तेव्हा त्यावर भलत्याच कातडीचा शिक्का असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काळे ते दलित आणि गोरे ते सवर्ण असे सोपे समीकरण मांडून आपण मोकळे होऊ, तर ती बाबासाहेबांशीच प्रतारणा ठरेल. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये त्यांनी पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, असे प्रतिपादन केले. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे घेऊन त्यांनी अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हा सिद्धान्त खोडून काढला. आपल्यातही गोरे आहेत आणि ब्राह्मणांतही काळे आहेत. काळ्या रंगाची ब्राह्मण मुलगीही ‘पण’च्या मागे उभी केली जाते. कातडीचा रंग ऊन आणि वंशपरंपरेतले रंगद्रव्य यांनी ठरतो, जातीने नव्हे. तरीही गोरेपणाला प्रतिष्ठा देणारी दृष्टी ही वर्णव्यवस्थेचीच सावली आहे. कारण जन्माने मिळालेल्या आणि बदलता न येणाऱ्या गोष्टीवरून माणसाची पायरी ठरवणे, हे दोन्हींचे सूत्र एकच. ‘वर्ण’ या एकाच शब्दाने रंग आणि पायरी असे दोन्ही अर्थ वाहावेत, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

यावर व्यापाराचे उत्तर तयार असते : दुकानदार किती रंग ठेवणार? हा आक्षेप खोटा नाही. तीसपासून चाळीसपर्यंत सहा मापे आणि प्रत्येकात तीन कप धरले तर एका रंगाचे अठरा डबे होतात. पाच रंग ठेवायचे तर नव्वद. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराचे भांडवल त्यात अडकून पडेल. पण हाच हिशेब पुढे न्या. एकच ‘कातडी’ ठेवणे परवडत असेल तर ती बहुसंख्य गिऱ्हाइकांची ठेवावी, हे साधे व्यापारी शहाणपण. बाळापुरात ती तपकिरी असायला हवी. ती फिकट का आहे, याचे उत्तर नफ्यातोट्याच्या वहीत सापडत नाही. ते उत्तर रंग ठरवणाऱ्यांच्या मनात आहे.

ही लढाई जगात इतरत्रही झाली आहे. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या खडूंत फिकट रंगाचे नाव ‘मांस-कातडी’ अशा अर्थाचे होते. नागरी हक्कांची चळवळ तापलेली असताना, १९६२ साली, ते बदलून ‘पीच’ केले गेले. लंडनमध्ये २०१४ साली ॲडे हसन या कृष्णवर्णीय स्त्रीने ‘न्युबियन स्किन’ नावाने तपकिरी छटांचे आतले कपडे बाजारात आणले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांना एकाएकी अनेक छटांचा साक्षात्कार झाला आणि पोट आवळणाऱ्या कपड्यांपर्यंत तो पोचला. ही कंपन्यांची समतानिष्ठा नव्हे. गिऱ्हाईक दिसले म्हणून माणूस दिसला, एवढेच. आपल्याकडे १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नावातला ‘फेअर’ गाळून ‘ग्लो’ घातला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. सोय गेली, पण छायाचित्र बघून नकार देणारा डोळा गेला नाही. नाव बदलणे पुरेसे नाही. परंतु नाव न बदलणे हे त्याहून वाईट, कारण रोज वाचलेले नाव अंगवळणी पडते.

आणि आता आपल्या घरात डोकावू. आपल्या वस्त्यांतही मुलगी बघायला जाताना ‘गोरी’ पाहिजे असतेच. सभेत समतेवर बोलणारा कार्यकर्ता सुनेच्या रंगाविषयी बायकोला हळूच विचारतो. आपल्या प्रेमकवितेतली प्रेयसीही पुष्कळदा चांदण्याच्याच रंगाची असते. प्रस्थापितांच्या देवांना नकार दिला, त्यांच्या ग्रंथांना नकार दिला, पण त्यांचा आरसा मात्र घरात तसाच टांगलेला राहिला. पावडर फासून मंडपात बसवलेली नवरी, तिचा चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची, हे दृश्य आपण किती वेळा मुकाट्याने पाहिले आहे! ज्या साहित्याने माणूसपणाची प्रतिष्ठा हे आपले मूल्य मानले, त्याने या ‘पण’विरुद्ध अजून पुरेसे लिहिलेले नाही. कंपनीवर टीका करणे सोपे आहे. ही टीका स्वतःवर करावी लागेल.

त्या दिवशी पुढे काय झाले तेही सांगते. भाचीने दुकानदाराला फळीच्या तळचे डबे काढायला लावले. त्यात एका डब्यावर ‘कॉफी’ लिहिलेले होते. तो कपडा तिने मनगटावर धरला तेव्हा मनगट आणि कपडा यांत फरक दिसेना. “पाह्य आत्या,” ती म्हणाली, “मी इथंच होती. मले कॉफी म्हनत होते.” तिने दोन घेतल्या. पांढऱ्या गणवेशाखाली त्या दिसत नाहीत, असे तिने नंतर कळवले.

म्हणजे तिच्या कातडीचा कपडा दुकानात होता. कातडी हे नाव मात्र त्याला नव्हते. फिकट रंगाची ती कातडी आणि तपकिरी रंगाचे ते पेय, ही विभागणी आपण मान्य करता कामा नये. मागणी दोनच प्रकारे होऊ शकते. एक तर सगळ्याच छटांना ‘स्किन’ म्हणा, किंवा मग कोणालाच म्हणू नका. फिकट रंगाला फिकट म्हणा, तपकिरीला तपकिरी. दुकानात गेलेल्या प्रत्येक बाईने हा प्रश्न दुकानदाराला विचारावा, दुकानदाराने तो माल घेऊन येणाऱ्याला विचारावा. आणि लेखकाने तो आपल्या पुढच्या नायिकेचे वर्णन लिहायला घेताना स्वतःला विचारावा.