सांबार, कोथिंबीर आणि शुद्धतेचा तराजू

सुरुवात भाजीबाजारातूनच करू या. इथे सावंगीत, वर्ध्यात आपण सांबाराची जुडी मागतो. पुण्याकडे तीच जुडी कोथिंबीर होते. आपला आलू तिकडे बटाटा, आपली फल्ली तिकडे भुईमुगाची शेंग. कोहळ्याची तर पंचाईतच. आपण लाल भोपळ्याला कोहळं म्हणतो, त्याची बोंडं तळतो. तिकडे कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा. यावर हसायला काहीच हरकत नाही. आमचा आक्षेप हसण्यानंतर येणाऱ्या निकालाला आहे: तुमची मराठी हिंदीने बिघडलेली, आमची शुद्ध.

हा निकाल जरा तपासून पाहू. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरून आला. कोथिंबिरीला कन्नडमध्ये कोत्तंबरी आणि तेलुगूत कोत्तिमीर म्हणतात. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी शब्दांची देवघेव तिकडेही आहेच. त्यांचे शेजारी समुद्र आणि दक्षिण, आपले शेजारी उत्तर, एवढाच काय तो फरक. मग एकाची देवघेव म्हणजे भाषेची श्रीमंती आणि दुसऱ्याची म्हणजे भेसळ, असं काहून?

आपली उत्तरेशी सोयरीक काही कालपरवाची नाही. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राज्याची सीमा एका दिवसात सरकते, जीभ सरकत नाही. शिवाय राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली स्थापन झाली ती आपल्या वर्ध्यातच. इथल्या माणसाच्या तोंडी हिंदी येणारच.

मध्य प्रदेशाशी आपली चढाओढ आजही चालू आहे, पण तिची चव वेगळी आहे. इंदूरचे पोहे वाफेवरचे, थोडे गोडसर, वर शेव आणि जिरावण, सोबत जिलेबी. नागपूरच्या पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री. दोन्हीकडचे लोक आपलेच पोहे खरे म्हणून भांडतात, आणि भांडता भांडता एकमेकांच्या प्लेटीतले खातात. कोणी कोणाच्या पोह्यांना अशुद्ध म्हणत नाही. बरोबरीच्या माणसांची थट्टा अशी असते. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत मात्र ही बरोबरी हरवते.

आता शब्दांकडून व्याकरणाकडे येऊ. 'जेवून राह्यलो', 'करून राह्यलो' हे आपलं रूप सगळ्यांत जास्त चेष्टेचं. हिंदीतल्या 'कर रहा हूँ'शी त्याचं नातं उघड आहे. पण ते चुकीचं नाही, नियमाने चालणारं आहे: क्रिया या घटकेला चालू आहे, एवढं ते नेमकं सांगतं. प्रमाण मराठीत 'रोज करतो' आणि 'आत्ता करतोय' असा फरक होतो. आपली बोलीही तोच फरक आपल्या रूपाने दाखवते.

हा फरक आपल्या सावंगीत केवळ व्याकरणाचा राहत नाही. इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठं रुग्णालय आहे. खेड्यातली बाई सांगते, "पोट दुखून राह्यलं." म्हणजे आत्ता, या क्षणी दुखतंय. ही बोली न कळणाऱ्याने 'दुखून थांबलं' असा अर्थ घेतला, तर वर्तमानातली कळ कागदावर भूतकाळात जाते. आणि तिच्या बोलण्यावर कोणी हसलं, तर ती पुढचं सांगतच नाही. शाळेतल्या पोराचंही तसंच. दोनदा वर्ग हसला की तिसऱ्यांदा तो हात वर करत नाही.

साहित्याने हे केव्हाच ओळखलं होतं. उद्धव शेळके यांची 'धग' आली १९६० साली, महाराष्ट्र राज्याच्याच वयाची. तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि वाचकाला एकदाही हसू येत नाही. दारिद्र्याशी झगडणाऱ्या त्या बाईचा स्वाभिमान तिच्या बोलीतूनच उभा राहतो. तिचे संवाद प्रमाण भाषेत करून बघा, कौतिक उरणार नाही. त्यापुढे आजच्या मालिका आणि रील्स ठेवून बघा. तिथे वऱ्हाडी बोलणारा बहुतेक वेळा शिव्या द्यायला किंवा विनोदाला येतो. दुःख त्याच्या वाट्याला आलं की तो प्रमाण मराठी बोलू लागतो. ही रील्स करणाऱ्यांत आपलीच पोरं आहेत, हेही सांगितलं पाहिजे. आणि भंडारा-गोंदियाच्या झाडीबोलीला आपण नागपूर-वर्ध्याकडचे लोक हसतो, तेव्हा हातात तोच तराजू असतो.

म्हणून आमचं म्हणणं प्रमाण मराठी सोडा, असं नाही. परीक्षेला, कचेरीला, राज्यभरच्या व्यवहाराला ती लागेल. मागणं इतकंच, की बोली ही तिची बिघडलेली प्रत मानू नका. शिक्षकाने 'चूक' असा शेरा मारण्याआधी 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असं विचारावं. डॉक्टरने रुग्णाचं वाक्य आधी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. आणि पुण्याच्या पाहुण्याने सांबारवडीला कोथिंबीरवडी म्हटलं, तर खुशाल थट्टा करा. पण वडी वाढा आधी.