दर, पाया आणि येताजाता प्रेक्षक

१९७५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या दिवशी मनिला येथे महंमद अली आणि जो फ्रेझियर यांच्यात झालेले मुष्टियुद्ध आम्ही पाहिले नाही. त्या वेळी आम्ही शाळकरी वयाचे होतो आणि बडोद्यातील आमच्या वाड्यात दूरचित्रवाणी संच येण्यास बराच अवकाश होता. तरीही चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरच्या मार्गदर्शकाने त्याला पुढे जाऊ दिले नाही, ही हकीकत आम्ही वाचनालयातील वर्तमानपत्रात उभ्या उभ्या वाचली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्यावर वादही घातला. आज जगातील कोणतेही मुष्टियुद्ध हातातल्या फोनवर पाहता येते. परंतु घरातील तरुण मंडळींना हेवीवेट विजेत्याचे नाव विचारले, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. जे दिसत नव्हते ते ठाऊक होते आणि जे दिसू शकते ते ठाऊक नाही, असा हा उलटा प्रकार का व्हावा?

या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या गुणदोषांत शोधण्यापेक्षा तो कोणी, कोणाला, कोणत्या अटींवर दाखवला यात शोधावे, असे आम्हांला वाटते. येथे आमच्या डोळ्यांपुढे निष्ठावंत रसिक नाही. तो कितीही पैसे मोजील आणि कितीही जागरण करील. आमचा विषय आहे तो येताजाता प्रेक्षक. काही वेगळेच पाहण्यासाठी तो संच लावतो आणि समोर मुष्टियुद्ध दिसले म्हणून थबकतो. प्रत्येक निष्ठावंत रसिक केव्हातरी असा येताजाता प्रेक्षकच होता, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी होती, तेव्हा तिला मुष्टियुद्धाइतका सोयीचा दुसरा खेळ नव्हता. लहानसे चौकोनी रिंगण, प्रखर दिवे, दोनच माणसे. त्या काळचा अवजड कॅमेरा एका जागी ठेवूनही सारे टिपता येई. शिवाय दर तीन मिनिटांनी एक मिनिटाची विश्रांती, म्हणजे जाहिरातीसाठी आयतीच जागा. दाढीची पाती विकणाऱ्या जिलेट कंपनीच्या आश्रयाने एनबीसी वाहिनीवर शुक्रवार रात्रीची मुष्टियुद्धे घराघरांत पोहोचली. ही प्रथा एनबीसीवर १९६० पर्यंत आणि नंतर एबीसीवर १९६४ पर्यंत चालली. प्रेक्षकाला एक पैसाही द्यावा लागत नव्हता.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. घरबसल्या फुकट मिळणारी गोष्ट पाहण्यासाठी गावातल्या आखाड्याचे तिकीट कोण काढणार? लहान लहान शहरांतील मुष्टियुद्धांचे क्लब ओस पडले. ज्या ठिकाणी नवशिका मुलगा पाच-सहा वर्षे घडत असे, ते ठिकाणच नाहीसे झाले आणि अर्धवट तयारीची मुले पडद्यावर उभी राहू लागली. ए. जे. लीब्लिंग या रसिक लेखकाने आपल्या १९५६ सालच्या 'द स्वीट सायन्स' या ग्रंथात दूरचित्रवाणीवर जो राग धरला, त्याचे कारण हेच होते. पुढे २४ मार्च १९६२ रोजी एमिल ग्रिफिथच्या प्रहारांखाली बेनी पारेट कोसळला, तो थेट प्रक्षेपणात लोकांच्या दिवाणखान्यात. दहा दिवसांनी त्याचे निधन झाले. फुकट दाखवले की खेळाचे भले होते, असा सोपा निष्कर्ष या इतिहासातून काढता येत नाही.

तरीही या मुक्त प्रक्षेपणाने एक काम केले. मुष्टियोद्ध्यांची नावे सर्वसामान्य माणसाच्या बोलण्यात रुजवली. महंमद अलीच्या बाबतीत हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १९७१ मधील फ्रेझियरबरोबरची त्याची पहिली झुंज घरच्या संचावर फुकट दिसली नव्हती. ती चित्रपटगृहांत व सभागृहांत तिकीट लावून पडद्यावर दाखवली गेली. परंतु अली हा माणूस मात्र सर्वांना फुकट उपलब्ध होता. एबीसीवर हॉवर्ड कोसेल यांच्याशी चालणारी त्याची शाब्दिक चकमक कोणीही पाहू शकत असे. उतारवयातही १९७७ मध्ये शेव्हर्सशी आणि १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सशी झालेल्या त्याच्या झुंजी मुक्त वाहिन्यांवरच झाल्या. सामना विकला जात होता, पण योद्धा विकला जात नव्हता. हा भेद पुढच्या पिढीतील व्यवस्थापकांच्या ध्यानात राहिला नाही.

मॉन्ट्रियलच्या १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने मुष्टियुद्धात पाच सुवर्णपदके मिळवली आणि ती साऱ्या देशाने पाहिली. शुगर रे लेनर्ड व्यावसायिक झाला तेव्हा त्याची ओळख करून देण्याची गरजच उरली नव्हती. पुढे १३ नोव्हेंबर १९८२ रोजी मान्चिनीविरुद्ध लढताना दक्षिण कोरियाचा किम दुक-कू मरणोन्मुख झाला, तेही सीबीएसच्या थेट प्रक्षेपणात. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या लढती पंधरांवरून बारा फेऱ्यांवर आणल्या. मुक्त वाहिन्यांचा उत्साह हळूहळू ओसरत गेला आणि ती जागा सशुल्क वाहिन्यांनी घेतली.

त्याची सुरुवात आधीच झाली होती. एचबीओ या वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीने जानेवारी १९७३ मध्ये फोरमन-फ्रेझियर लढत दाखवली होती. ज्या मनिलाच्या झुंजीवर आम्ही शाळेत वाद घातला, तीच तिने उपग्रहाद्वारे आपल्या वर्गणीदारांच्या घरी पोहोचवली. म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या त्या लढतीतच पुढे दार बंद करणाऱ्या युगाचा आरंभ होता! एचबीओचे प्रक्षेपण गुणवत्तेने उत्तम होते, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु उत्तम मैफल बंद दाराआड झाली, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला तिचा सूर कसा ऐकू येणार? १९९१ पासून मोठ्या लढतींसाठी त्या वर्गणीखेरीज प्रत्येक सामन्याचे वेगळे शुल्क घेण्याची पद्धत रूढ होत गेली. तिला तिकडे 'पे-पर-व्ह्यू' म्हणतात.

या पद्धतीचा कळस २ मे २०१५ रोजी मेवेदर आणि पॅकियाओ यांच्या लढतीत झाला. सुमारे ४६ लाख ग्राहकांनी नव्वद ते शंभर डॉलर मोजून ती विकत घेतली. वसुली चाळीस कोटी डॉलरांहून अधिक. सरकारी खात्यात आयुष्य काढल्यामुळे आम्हांला असल्या आकड्यांची दुसरी बाजू पाहण्याची खोड आहे. त्या वेळी अमेरिकेत दूरचित्रवाणी असलेली कुटुंबे अकरा कोटींहून अधिक होती. म्हणजे साधारण पंचवीस घरांमागे एका घराने ती लढत विकत घेतली. मित्राच्या घरी जमून पाहणारे पुष्कळ असतील, ते हिशेबात धरले तरी बहुसंख्य घरे बाहेरच राहिली. महसुलाच्या भाषेत सांगायचे तर दर वाढवला म्हणून यंदाची वसुली वाढली. परंतु करदात्यांचा पाया आटला. असा पाया आटल्याचे पहिल्या वर्षी कळत नाही, दहाव्या वर्षी कळते. एचबीओने २०१८ च्या अखेरीस मुष्टियुद्ध दाखवणे थांबवले आणि तिची प्रतिस्पर्धी शोटाइम २०२३ च्या अखेरीस त्यातून बाहेर पडली.

याला उत्तर म्हणून ब्रिटनचा दाखला दिला जातो. तेथेही १९८५ मध्ये मॅकगिगन-पेद्रोसा लढत बीबीसीवर सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिली होती आणि १९९६ मध्ये ब्रुनो-टायसन लढतीपासून सामन्याचे वेगळे शुल्क सुरू झाले. तरीही एप्रिल २०१७ मध्ये अँथनी जोशुआने वेम्बलीचे मैदान नव्वद हजार प्रेक्षकांनी भरून दाखवले आणि ती लढतही सशुल्कच होती. मग शुल्कामुळे लोकप्रियता घटते हे म्हणणे खोटे ठरत नाही काय? आम्हांला तसे वाटत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जोशुआने सुवर्णपदक जिंकले, ते बीबीसीवर साऱ्या ब्रिटनने वेगळे मोल न देता पाहिले होते. दार आधी उघडे होते, म्हणून पुढे तिकिटाच्या खिडकीवर गर्दी झाली.

आपल्या देशाचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. २००८ मध्ये बीजिंगला विजेंदर सिंग याने आणि २०१२ मध्ये लंडनला मेरी कोम यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा ज्यांना 'जॅब' आणि 'हुक' यांतील फरक माहीत नव्हता, अशी माणसेही संचापुढे बसली होती. पण दोन ऑलिम्पिकांच्या मधल्या चार वर्षांत त्यांना ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी काही पाहायला मिळाले नाही. सणाच्या पाहुण्यासारखा हा प्रेक्षक आला आणि गेला. याउलट ज्या हुतुतूवर आपण लहानपणी गुडघे फोडून घेतले, त्या कबड्डीला २०१४ च्या प्रो कबड्डी लीगने हंगामभर रोजची संध्याकाळ दिली, तीस सेकंदांचे घड्याळ पडद्यावर आणले, आणि आपल्या घरातील आजीबाईंनाही चढाईपटूंची नावे पाठ झाली. खेळ जुनाच, दाखवण्याची रीत नवी.

केवळ दार उघडणे मात्र पुरेसे नाही. १६ नोव्हेंबर २०२४ च्या शनिवारी सकाळी आम्ही मुलाच्या घरी नेटफ्लिक्सवर माइक टायसन आणि जेक पॉल यांची लढत पाहिली. टेक्सासमध्ये ती आदल्या रात्रीची होती. वर्गणीपलीकडे वेगळे शुल्क नव्हते आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ती जगभर सहा कोटी घरांत पाहिली गेली. येताजाता प्रेक्षक इतक्या मोठ्या संख्येने क्वचितच आला असेल. त्याला मिळाले काय? अठ्ठावन्न वर्षांचा थकलेला टायसन, दोन दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या आणि जपून जपून टाकलेले ठोसे. आमचा नातू चौथ्या फेरीत उठून गेला आणि त्याला थांबवण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

परंतु त्याच रात्री, त्याच रिंगणात, त्याआधी केटी टेलर आणि अमांडा सेरानो या दोघींची लढत झाली होती. सेरानोच्या भुवईवरून रक्त वाहत होते, दोघींपैकी एकीनेही पाऊल मागे घेतले नाही आणि पंचांनी टेलरच्या बाजूने दिलेल्या निर्णयावर नंतर पुष्कळ वाद झाला. ती चालू असताना तोच नातू खुर्चीच्या कडेवर बसला होता. टायसनच्या नावाने बोलावलेल्या पाहुण्यांना खरे जेवण तेथे मिळाले. या दोघी जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा भिडल्या, तेव्हा त्या रात्रीच्या साऱ्या लढती स्त्रियांच्याच होत्या आणि प्रक्षेपण पुन्हा नेटफ्लिक्सचेच होते. येताजाता प्रेक्षक अडाणी असतो, त्याला केवळ नाव आणि तमाशा हवा असतो, ही व्यवस्थापकांची समजूत किती उथळ आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता? त्याला जाण नसेल, पण खरे-खोटे त्याला कळते.

प्रक्षेपणाने त्याला आणखी थोडी मदत केली पाहिजे. सतरा वजनगट आणि चार मान्यताप्राप्त संघटना, म्हणजे एकाच वेळी अनेक 'जगज्जेते'. गुण कसे दिले जातात, हे फेरीगणिक समजावून सांगणारा समालोचक क्वचितच लाभतो. मुख्य लढत सुरू होईपर्यंत मध्यरात्र उलटते आणि शाळकरी मुले झोपलेली असतात. उद्याचा रसिक ज्या वयात घडतो, त्याच वयाला वगळणारी ही वेळ आहे.

बडोद्याच्या वाचकांपुढे हे सारे मांडताना सयाजीराव महाराजांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१० मध्ये बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला आणि गावोगावी पुस्तकांच्या पेट्या धाडल्या. त्या पेट्या मागणी करणाऱ्या विद्वानांसाठी नव्हत्या. पुस्तक म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नव्हते, त्याच्या वाटेत ते ठेवण्यासाठी होत्या. आज आपल्याही मंडळात वाचनकक्ष फक्त सभासदांसाठी ठेवावा, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. खर्चाचे गणित पाहता ती अगदीच अवाजवी नाही, हे आम्ही मान्य करतो. तथापि, १९७५ साली अलीची बातमी उभ्या उभ्या वाचणाऱ्या आमच्याकडे तेव्हा कोणी वर्गणीची पावती मागितली नव्हती, एवढे कार्यकारिणीने निर्णय घेताना ध्यानात ठेवावे.