चित्रकथेचे वाचन : ‘भीमायन’च्या संदर्भात

प्रस्तावना :
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील फौंड्री व मशीनशॉपमध्ये ‘ड्रॉइंग पाहणे’ पुरेसे नसते. ड्रॉइंग ‘वाचता’ यावे लागते. कागदावर समोरून, वरून व बाजूने दिसणारी सपाट दृश्ये असतात. त्यांतून घन वस्तू मनात उभी करण्याचे कौशल्य कामगार सरावाने मिळवतो. चित्रकथेविषयी मात्र उलट समज रूढ आहे. ती आपोआप कळते, म्हणून ती मुलांसाठी आणि म्हणूनच गौण, असे मानले जाते. हा समज तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रिकाम्या जागेचे वाचन :
स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) या ग्रंथात दोन चौकटींमधील मोकळ्या जागेचे महत्त्व विशद केले. एका चौकटीत उगारलेला हात व पुढच्या चौकटीत कोसळलेला माणूस दिसतो. प्रहार कोठेही रेखाटलेला नसतो. तो वाचकाच्या मनात घडतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत एका चित्रावरून दुसऱ्या चित्राकडे जातानाचे अंतर निवेदन व गायन भरून काढते. छापील चित्रकथेत ती जबाबदारी वाचकावर येते.

अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ने अनेक पिढ्यांना या प्रकाराची गोडी लावली. तथापि, तेथे पुष्कळदा चित्रात जे दिसते तेच वरच्या निवेदनपट्टीत सांगितलेले असते. परिणामी, अक्षरे वाचून पान उलटण्याची सवय जडते.

एक चरित्र, दोन रूपे :
‘अमर चित्र कथा’ने १९७९ मध्ये डॉ. आंबेडकरांचे चरित्र परिचित आयताकृती चौकटींत मांडले. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाच्या ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी अशा चौकटी नाकारल्या. त्यांच्या पानांवर गोंड नक्षीच्या वळणदार रेषाच प्रसंग वेगळे करतात. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, ही चित्रकारांची भूमिका विषयाशी सुसंगत आहे. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, तर जातीय विखाराच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. महाडच्या भाषणात ध्वनिवर्धकांतून श्रोत्यांवर पाण्याचे तुषार पडतात. १९०१ मध्ये मसूर स्थानकावरून निघालेल्या लहानग्या भीमाला वाटेत पाणी नाकारले गेले होते, हे स्मरणात ठेवले म्हणजे या प्रतिमेचा अर्थ उलगडतो. केवळ शब्द वाचणाऱ्याला महाडचे भाषण समजते. मात्र शब्दच पाणी झाल्याचे त्याच्या नजरेतून सुटते.

पुस्तकाची मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. बसथांब्यावरील दोन व्यक्तींचा संवाद अनेक ठिकाणी स्पष्टीकरणपर होतो. चित्रांनी वाचकावर टाकलेला विश्वास संहिता टाकत नाही.

समारोप :
‘भीमायन’कडे ‘सोपे आंबेडकर-चरित्र’ म्हणून पाहणारा विद्यार्थी त्यातील निम्मा आशय गमावतो. तो दोष विद्यार्थ्याचा नव्हे. चित्र वाचण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते. कवितेतील प्रतिमा व लय उलगडण्यासाठी साहित्याच्या वर्गात तास दिला जातो. चित्रकथेतील फुग्याचा आकार, पानाची मांडणी व दोन दृश्यांमधील मौन यांनाही तसाच तास मिळावयास हवा. यंत्रशाळेतील कामगाराला जे शिकावे लागते, ते साहित्याच्या वाचकाला उपजतच येते असे मानण्यास आधार नाही.