‘अस्तु’: विस्मृती आणि वारसा

अंबाजोगाईत दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या त्या वस्त्रावर या संतकवीने ‘पंचीकरण’ लिहून ठेवले. एका माणसाचे चिंतन ज्या गावाने चारशे वर्षे जपले, तेथे बसून स्मृती हरवत चाललेल्या पंडिताची कथा पाहताना मन अधिकच हेलावते.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) ही ती कथा. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणि शास्त्री (मोहन आगाशे) यांना अल्झायमरने ग्रासले आहे. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना थोडा वेळ मोटारीत बसवून जाते आणि ते रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना व संवादांसाठी भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले, ते योग्यच झाले.

तरीही एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. चन्नम्माची माया एका भेटीपुरती आहे. इराची शुश्रूषा रोजची आहे. त्या मायेच्या उजेडात इराचा शिणवटा उणा भासतो. घरोघरी हा भार बहुधा लेकीसुनाच वाहतात, हे प्रेक्षकाने विसरू नये.

चित्रपट संपल्यावर इराच्या वयाच्या प्रेक्षकाला आणखी एक भय छळते: उद्या माझेही असेच होईल काय? बहुसंख्य रुग्णांत हा रोग थेट आनुवंशिक नसतो. एपीपी, प्रिसेनिलिन-१ वा प्रिसेनिलिन-२ या जनुकांतील दोषाने होणारा प्रकार शंभरांत एकाहूनही कमी रुग्णांत आढळतो. तो बहुधा पासष्टीच्या आत प्रकटतो व प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. एपीओई-४ धोका वाढवते, पण रोग होईलच असे सांगत नाही. एका भावंडाचा अहवाल इतरांचेही गुपित उघडे करू शकतो. लग्नाच्या बोलणीत तो मुलीच्या आड येऊ शकतो. म्हणून रक्त देण्याआधी समुपदेशन हवे, आणि ज्याला जाणून घ्यायचे नाही त्याच्यावर बळजोरी नको.

मध्यरात्री कडी काढून निघालेल्या वडिलांचा हात कोणी धरायचा, हे कोणताही अहवाल सांगणार नाही. भावंडांनी ‘अस्तु’ एकत्र बसून पाहावा आणि मग आपापल्या पाळ्या ठरवाव्यात.