श्रद्धा, कृती आणि दंड : नरेंद्र दाभोलकरांच्या लेखनातील कायद्याचा विचार

मराठी वृत्तपत्रीय निबंधाचा अभ्यास करताना सुधारणेची चर्चा बहुधा शिक्षण, विवाह आणि जातिभेद ह्या विषयांभोवती फिरते. सुधारकांनी दंडविधानाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात जो अत्यंत कडवा वाद झाला, तो दंडसंहितेतील एका दुरुस्तीवरूनच. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. ही मर्यादा विवाहित मुलींनाही लागू असल्यामुळे घराच्या उंबरठ्याआड घडणारी गोष्ट गुन्हा ठरू शकत होती. परक्या सरकारने समाजाच्या आचारात कायद्याने हात घालू नये, ही टिळकांची भूमिका होती. आगरकरांनी ‘सुधारका’तून कायद्याची बाजू घेतली. कराडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या आगरकरांना फौजदारी न्यायाचा परिचय केवळ ग्रंथांतून झालेला नव्हता. कोल्हापूर प्रकरणात ‘केसरी’ने ज्या पत्रांवर विश्वास ठेवला ती बनावट निघाली, आणि १८८२ साली त्यांना व टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध असला तरी पुराव्यावाचून आरोप उभा राहत नाही, हे त्यांना अशा रीतीने उमगले असले पाहिजे.

ह्याच सातारा जिल्ह्यातून सुमारे शंभर वर्षांनी आणखी एक संपादक दंडविधानाच्या प्रश्नाकडे वळला. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा जन्म १९४५ सालचा. शालेय शिक्षण साताऱ्यास, पुढे सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय, नंतर साताऱ्यात सुमारे बारा वर्षे वैद्यकी, १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना आणि १९९८ पासून अखेरपर्यंत ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादकपद, असा त्यांच्या आयुष्याचा स्थूल आलेख आहे. चळवळीचे मुखपत्र असलेले ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ सांगलीहून निघत राहिले. त्यांच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बरेचसे गौरवपर आहे. त्यांच्या लेखनाची चिकित्सा मात्र त्या मानाने थोडी झाली.

हे लेखन वाङ्मयीन अर्थाने संपन्न नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. त्यात वक्त्याची पुनरुक्ती आहे. एकच दृष्टांत निरनिराळ्या पुस्तकांतून भेटतो. वाक्य आटोपशीर असले तरी शब्दकळेचा सोस कोठेच दिसत नाही. ‘विचार तर कराल?’ किंवा ‘ऐसे कैसे झाले भोंदू’ ह्यांसारखी पुस्तके वाचताना आगरकरांच्या गद्याचा पीळ किंवा विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा आवेश शोधू जाणाऱ्याची निराशा होईल. परंतु ह्या लेखनाचे बळ निराळ्या ठिकाणी आहे. वैद्य रोग्याची हकीगत नोंदवितो त्या पद्धतीने दाभोलकर प्रकरण मांडतात : दावा कोणी केला, कोठे केला, त्यासाठी पैसे घेतले काय, इजा झाली काय, उपचार लांबला काय, आणि दाव्याची परीक्षा घेता आली काय. भोंदूचा उपहास करण्याचा मोह त्यांना अनेकदा होतो. तथापि हकीगतीचा सांगाडा ते सहसा सोडीत नाहीत. गुन्ह्याची फिर्याद लिहिताना पोलीस ठाण्यात ज्या गोष्टी विचारल्या जातात, त्याच ह्या सांगाड्यात असतात. कायद्याची मागणी त्यांच्या लेखनात पुढे आली ती बाहेरून चिकटविल्यासारखी वाटत नाही, ह्याचे कारण येथे सापडते.

श्रद्धा आणि कृती ह्यांची फारकत हा त्यांच्या प्रतिपादनाचा कणा होय. माणसाने काय मानावे हे सरकारने ठरवू नये. मात्र त्या मानण्याच्या आधारे कोणी दुसऱ्यास मारहाण केली, फसविले, उपचारापासून दूर ठेवले, तर ती कृती दंडनीय असावी, असे ते वारंवार मांडतात. ह्या मांडणीला त्यांनी दोन घटनात्मक आधार दिले. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या पंचविसाव्या अनुच्छेदातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य ह्यांची मर्यादा आहे, हा एक. आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा समावेश झाला, हा दुसरा. दुसऱ्या आधारावर त्यांचा भर अधिक आहे. वस्तुतः दंडविधानाच्या दृष्टीने पहिलाच अधिक टणक आहे. कर्तव्यातून गुन्हा सहजासहजी निष्पन्न होत नाही. लोकशिक्षकाला दुसरा आधार प्रिय वाटावा हे स्वाभाविक आहे, पण लोकशिक्षणाची भाषा आणि फौजदारी कायद्याची भाषा येथे एकमेकींत मिसळली, आणि विरोधकांच्या संशयाला त्यातून थोडी जागा मिळाली.

हा विरोध दीर्घकाळ चालला. २००३ च्या मसुद्यापासून विधेयकाची रूपे बदलत गेली. २००५ मध्ये विधानसभेने संमत केलेले विधेयक विधान परिषदेत अडकले. नंतर वारकऱ्यांच्या काही संघटनांसह अनेकांनी, पूजाअर्चा आणि वारी ह्यांवरच हा घाला आहे, असा आक्षेप घेतला. त्याला दाभोलकरांचे उत्तर साधे होते : विधेयकात देव किंवा धर्म ह्यांविषयी एक शब्दही नाही, मसुदा वाचा. मराठी सार्वजनिक वादात संहितेचे शब्द पुढे करून वाचकाला त्यांचा अर्थ लावावयास सांगणे, ही सवय फारशी रुजलेली नाही. ह्या वादाने ती काही अंशी लावली, हे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

मसुदा वाचू लागल्यावर मात्र काही अवघड गोष्टी समोर येतात. अखेरीस झालेल्या २०१३ च्या अधिनियमाचे नाव नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा ह्यांच्या प्रतिबंधाविषयी आहे. ज्या शब्दाने चळवळ ओळखली जाते तो ‘अंधश्रद्धा’ हा शब्द त्या नावात नाही. हे उणे नव्हे. श्रद्धा मोजण्याचे माप न्यायालयापाशी नसते, आणि गुन्ह्याची व्याख्या मनोवस्थेच्या विशेषणावर उभी करता येत नाही. अधिनियमाने व्याख्येऐवजी अनुसूची स्वीकारली. तीत बारा कृती आहेत. भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे, बोटाने शस्त्रक्रिया करण्याचा किंवा गर्भाचे लिंग बदलण्याचा दावा करणे, अशा त्या ठोस कृती आहेत. दुसऱ्या बाजूस एक कलम काय वगळले ते सांगते : प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, प्रवचन हे तर वगळलेच, शिवाय ज्योतिषी व नंदीबैलवाले ह्यांचा सल्लाही वगळला. फलज्योतिषाविरुद्ध ज्याने आयुष्यभर लिहिले त्याच्या खटपटीतून जन्मलेला कायदा फलज्योतिषाला हात लावीत नाही! काहींना ही तडजोड वाटते. परंतु श्रद्धा आणि कृती ह्यांच्या फारकतीशी ती सुसंगतच आहे. भविष्य सांगणे हे मत आहे, साखळीने बांधणे ही कृती आहे. ज्योतिषाचा समाचार लेखाने घ्यावा, साखळीचा फौजदाराने.

अनुसूचीची मर्यादाही दाखविली पाहिजे. सूचीत जे नाही ते गुन्ह्यातून सुटते, आणि फसवणूक नवी रूपे घेते. १८६० च्या दंडसंहितेतील पाचशे आठव्या कलमाने दैवी कोपाची भीती घालून एखाद्यास काही करावयास लावणे हा गुन्हा ठरविला होता. ती व्याख्या व्यापक होती, शिक्षा मात्र एक वर्षापर्यंतच. नवा कायदा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास सांगतो आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र करतो. व्यापक आणि सौम्य कलम असताना नेमके आणि कठोर कलम का हवे, ह्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मुख्यतः अंमलबजावणीच्या अंगाने जाते : पोलिसाला काय शोधावयाचे हे स्पष्ट असले, आणि त्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असला, तरच तक्रार नोंदविली जाईल. हा युक्तिवाद व्यवहारी आहे. अजामीनपात्र कलमाचा दुरुपयोग झाल्यास आरोपीच्या स्वातंत्र्याचे काय, ह्या बाजूस मात्र त्यांनी पुरेसे वजन दिल्याचे दिसत नाही. समाजवादी परंपरेतील संपादकाकडून ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

अधिनियमातील आणखी एक तरतूद वृत्तपत्राच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी आहे. दोषी ठरलेल्याचे नाव व पत्ता पोलिसांमार्फत स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करविण्याचा अधिकार तीत न्यायालयाला दिला आहे. भोंदूपणा लोकांच्या विश्वासावर जगतो, म्हणून त्या विश्वासालाच शिक्षेने धक्का द्यावा, असा ह्यामागील हिशेब दिसतो. आगरकरांच्या काळी वृत्तपत्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते; येथे ते शिक्षेचे साधन झाले आहे.

२०१३ च्या उन्हाळ्यात दाभोलकर जातपंचायतींकडे वळले, आणि दंडविचाराच्या दृष्टीने हे वळण सर्वांत अर्थपूर्ण होते. भोंदू हा एकटा असतो. पंचायत ही स्वतःच एक न्यायव्यवस्था असते. तिच्यापाशी फिर्याद असते, पंच असतात, दंड असतो, आणि बहिष्कार ही शिक्षा असते. येथे प्रश्न फसवणुकीचा राहत नाही. शिक्षा करण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळचा प्रश्न येतो. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात तो घटनाबाह्य ठरविला. धर्मसंस्थेचा बहिष्कार आणि जातीचा बहिष्कार ह्यांत भेद कसा करावयाचा, हा पेच त्या निर्णयाने मागे ठेवला होता. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला व तो २०१७ मध्ये अमलात आला. त्या पेचाविषयी दाभोलकरांनी सविस्तर लिहिले असते तर त्यांच्या दंडविचाराची खरी कसोटी लागली असती. त्यासाठी त्यांना अवघे काही आठवडे मिळाले.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळील पुलावर त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरात अधिनियम झाला. कर्नाटकाने २०१७ मध्ये तशाच प्रकारचा कायदा केला. कायदा होण्यापूर्वीच लेखक गेल्यामुळे कायद्यावरचे त्यांचे सर्व लेखन मागणीचे आहे. तपास कसा होतो, साक्षीदार का फिरतात, खटले किती वर्षे रेंगाळतात, ह्यांवर भाष्य करण्याची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. ते भाष्य त्यांच्या स्वतःच्या खुनाच्या खटल्याच्या रूपाने लिहिले गेले. तपास २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आरोप निश्चित व्हावयास २०२१ उजाडले, आणि पुण्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांस जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले; कटाचा आरोप आणि बेकायदा हालचाली प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध झाले नाहीत, आणि खरे सूत्रधार समोर आले नसल्याचे न्यायालयानेच नमूद केले. कृतीला पुरावा मिळाला. तिच्यामागील विचाराला आणि योजनेला तो मिळाला नाही.