पाय चालतात, पण वाट सापडत नाही : एका मोजपट्टीची चिकित्सा

पीएचडीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना 'ऑपरेशनल डेफिनिशन' म्हणजे सिनॉप्सिसमधला भरायचा एक रकाना वाटतो. संकल्पना कशी मोजणार ते दोन ओळींत लिहायचं आणि पुढे जायचं. पण अशाच दोन ओळींवर कुणाचा भत्ता अवलंबून असेल तर? ब्रिटनमधलं एक उदाहरण त्या दृष्टीने तपासू.

तिथे 2013 साली 'पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट' (पुढे फक्त पिप) हा अपंगत्व भत्ता सुरू झाला. त्यात हालचालीचे दोन निकष आहेत. पहिला, किती मीटर चालता येतं. दुसरा, प्रवास आखता येतो का आणि ठरलेल्या रस्त्याने जाता येतं का. दोन्हींचे गुण मिळून 8 ते 11 झाले तर साधा दर, 12 किंवा जास्त झाले तर वाढीव दर.

दुसरा निकष ही या मोजपट्टीची जमेची बाजू. अल्झायमरमध्ये एन्टोरायनल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस हे मेंदूचे भाग लवकर बाधित होतात, आणि जागेचं, दिशेचं भान बरंचसं यांच्यावरच असतं. असा माणूस दोन किलोमीटर आरामात चालेल, पण कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी परतताना भांबावेल. मीटर मोजून ही अडचण दिसणार नाही. शिवाय काम सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमलं पाहिजे अशी नियमांतच अट आहे. म्हणजे एकदा कसाबसा पोचला, तर 'याला जमतं' असं धरता येत नाही. इथपर्यंत मोजपट्टी चांगली आहे.

आता दोष. परिचित रस्तासुद्धा सोबतीशिवाय (किंवा प्रशिक्षित कुत्रा वा दिशादर्शक साधनाशिवाय) जमत नसेल तर 12 गुण. तीव्र मानसिक त्रासामुळे कोणताच प्रवास करता येत नसेल तर मात्र 10. म्हणजे जो उंबऱ्याबाहेरच पडू शकत नाही, त्याला सोबतीने बाहेर पडणाऱ्यापेक्षा कमी! आकडे आहेत म्हणून ती खरी चढती श्रेणी आहे असं समजू नका. प्रश्नावलीतले गुण बेरजेला घेताना हे हमखास विसरलं जातं.

याहून मोठी चूक 2017 मध्ये झाली. नोव्हेंबर 2016 मध्ये अप्पर ट्रायब्युनलने निर्णय दिला होता की, त्रास अतितीव्र असेल तर रस्ता न जमण्यामागचं कारण म्हणून तोही धरता येईल. सरकारने मूळ धोरण पूर्ववत करतो असं म्हणत मार्च 2017 मध्ये नियम बदलले आणि जास्त गुणांच्या काही पर्यायांत 'मानसिक त्रास सोडून इतर कारणांमुळे' अशा अर्थाचे शब्द घातले. डिसेंबर 2017 मध्ये हायकोर्टाने हा बदल भेदभाव करणारा ठरवून रद्द केला. जानेवारी 2018 मध्ये सरकारने अपील न करण्याचं जाहीर केलं आणि सुमारे 16 लाख प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली.

कायद्याचा भाग कोर्टाने पाहिला; आपण पद्धतीचा पाहू. आधी मोजलं जात होतं ते फलित : रस्ता जमतो की नाही. दुरुस्तीनंतर फलिताच्या व्याख्येतच कारण घुसवलं गेलं. पण ही कारणं वेगळी काढायची कशी? स्मृती दगा देते म्हणून माणूस चौकात गोंधळतो, गोंधळला की घाबरतो, घाबरला की उरलंसुरलं लक्षही उडतं. यातला किती भाग बुद्धीचा आणि किती भीतीचा, हे तपासणीच्या टेबलावर बसून कोण सांगणार? जे वेगळं मोजता येत नाही, त्यावर निवडीची रेषा आखली होती.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि बऱ्याच सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट आहे. मानसिक आजारासाठी वापरली जाणारी 'आयडियाज' ही श्रेणी स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार क्षेत्रं मोजते. एकट्याने बाहेर जाऊन परत येणं हे त्यात वेगळं क्षेत्र नाही. पिपच्या मोजपट्टीत निदान ते आहे, हे मान्य करायला हवं.

गाईडकडे सिनॉप्सिस घेऊन जाण्याआधी आपल्या व्याख्येला तीन प्रश्न विचारा. मी फलित मोजतोय की कारण? दोन्ही एकाच वाक्यात मिसळलीत का? आणि या वाक्यामुळे कोण यादीबाहेर राहतंय? तिसऱ्याचं उत्तर 'कोणीच नाही' असं आलं, तर अजून नीट शोधलेलं नाही असं समजा.