ड्रम अँड बेसमधील मिश्रणकला : स्वर आणि लय

इंग्लंडमध्ये १९९० नंतरच्या काही वर्षांत ‘जंगल’ नावाच्या नृत्यसंगीतातून ड्रम अँड बेस हा प्रकार सिद्ध झाला. अतिद्रुत, तुटक आघातांचा ठेका आणि त्याखाली संथपणे चालणारा मंद्र स्वर हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय. नृत्यगृहात या रचना सहसा सुट्या ऐकविल्या जात नाहीत. डीजे एका रचनेच्या अखेरीवर दुसरीचा आरंभ बसवितो व त्यातून अखंड वादन निर्माण करतो. या जोडणीचा निकष कोणता, हा प्रश्न केवळ तंत्राचा नसून रसिकतेचाही आहे.

प्रचलित उत्तर दोन अंकांचे आहे : मिनिटास मात्रा किती आणि रचनेचा षड्ज व स्वरसमूह कोणता. बहुतेक रचना मिनिटास १७० ते १७६ मात्रांच्या असल्यामुळे लयीचा अंक फारसा अडवीत नाही. स्वरासाठी ‘कॅमेलॉट’ नावाचे बारा घरांचे चक्र वापरतात. शेजारच्या घरात जाणे म्हणजे षड्ज पंचमावर अथवा मध्यमावर नेणे; त्याच घरात मेजरवरून मायनरवर जाणे म्हणजे स्वर तेच ठेवून षड्ज हलविणे. षड्ज-पंचम संवाद व मूर्च्छनाभेद जाणणाऱ्यास यातील तत्त्व अपरिचित वाटणार नाही.

तथापि हे दोन अंक परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. तबकडी वेगाने फिरली की स्वरही चढतो. १७२ मात्रांची रचना १७५ वर नेल्यास तिचा स्वर अर्धस्वराच्या सुमारे तीन दशांशाने चढतो. चक्रावरील घर बदलत नाही, पण कानास दोन षड्जांमधील फट जाणवते. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढविल्यास पूर्ण अर्धस्वर चढतो. आजची यंत्रे वेग बदलूनही स्वर स्थिर राखतात. परंतु त्या दुरुस्तीत आघातांची धार बोथट होण्याचा संभव असतो, आणि आघात हाच तर या संगीताचा प्राण. ‘द विन्स्टन्स’ यांच्या १९६९ मधील ‘आमेन, ब्रदर’ या रचनेतील सुमारे सात सेकंदांचे ड्रमवादन वेग वाढवून या शैलीत असंख्य वेळा योजिले गेले. वेगाबरोबर चढलेला त्याचा आवाज हाच शैलीचा परिचित आवाज ठरला. वेग व स्वर यांची ही गाठ दोष नव्हे, वारसा आहे.

चक्राची दुसरी उणीव अशी, की ते संपूर्ण रचनेस एकच अंक देते. कोणता स्वर केव्हा येतो, याविषयी ते मौन पाळते. सेकंदास सुमारे ४४ व ४६ कंपनांचे दोन मंद्र स्वर एकत्र आले, तर सेकंदास सुमारे दोन वेळा नाद फुगतो व ओसरतो. षड्ज एकच असला तरीही दोन मंद्र रेषा एकमेकींस गढूळ करतात. म्हणून जाणता डीजे एकीचा मंद्र भाग काढून घेतो. तसेच १७४ मात्रांच्या गतीत सोळा आवर्तनांचा खंड सुमारे २२ सेकंदांत संपतो. नवी रचना या खंडाच्या मध्येच शिरली, तर दोन्ही अंक जुळूनही सांधा निखळतो.

दोन रचनांचे उत्कर्षबिंदू एकाच क्षणी आणण्याच्या ‘डबल ड्रॉप’ या प्रयोगात याची कसोटी लागते. अँडी सी हा कलावंत या प्रयोगासाठी विशेष प्रसिद्ध आहे. येथे एका रचनेने मंद्र सांभाळावा व दुसरीने ठेका अथवा धून पुढे आणावी लागते. दोघींनीही सर्वस्व मांडले, तर केवळ गोंगाट उरतो. उलट, चक्रास अमान्य असलेली अर्धस्वराची चढण कधी कधी योग्य जागी विलक्षण उल्हास देते.

यावरून चक्र त्याज्य ठरत नाही. विसंवाद कोठे संभवतो, हे ते अगोदर सांगते. परंतु संवाद अर्थपूर्ण केव्हा होतो, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात नाही. संगणकाने काढलेल्या अंकांवरच निवड सोपविली, तर जोडण्या निर्दोष होतील आणि एकसारख्याही. निर्दोषता ही कलेची पूर्वअट असू शकेल, तिचे प्रयोजन नव्हे.